लवकरच येणारी कॅसेट

बिबवेवाडी, पुणे
१४ जानेवारी २०२४

शैलाआत्या, नमस्कार.

दिवाळीला फोनवर तू बोलता बोलता म्हणून गेलीस की अमेरिकेत गेल्यावर सुरुवातीच्या वर्षांत तू पेट्रोल पंपावरच्या दुकानात रॅपच्या कॅसेट विकायचीस. आणि लगेच बाबांच्या गुडघ्याची चौकशी सुरू केलीस. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

त्याला कारण आहे. बाबांच्या गादी कारखान्याच्या वरची खोली रिकामी होती. तिथे मी आणि तेजसने गाण्यांचं लेबल सुरू केलंय. तेजस माझ्या कॉलेजातला, कर्वेनगरला राहतो. संगीत तो बनवतो. गाणाऱ्यांना वेळेवर बोलावणं, गाणं लोकांपर्यंत नेणं, भांडणं मिटवणं हे माझ्याकडे. भिंतींना बाबांच्याच फसलेल्या गाद्या लावल्यात, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही आणि घाम आत राहतो. आमचे चार रॅपर आहेत. गाणी चांगली आहेत, पण ऐकतं कोणी नाही.

मी वाचलंय की तुमच्याकडे दक्षिणेत नव्वदच्या दशकात लहान लहान लेबलांनी रेडिओ, टीव्ही, मोठी कंपनी यातलं काही नसताना गावंच्या गावं जिंकली. पण जे वाचते ते सगळं प्राध्यापकांनी लिहिलेलं. मला साध्या गोष्टी हव्यात. दुकानात कॅसेट कोण आणून द्यायचं? नवी आलीय हे लोकांना कळायचं कसं? सगळे एकमेकांच्या गाण्यात का असायचे? आणि तू काउंटरमागे उभी राहून काय काय बघितलंस?

फोनवर सांगू नकोस, तू विषय बदलतेस. हाताने लिही, दीपालीताई फोटो काढून मेल करेल.

संस्कृती

*

श्रीव्हपोर्ट, लुइझियाना
२१ जानेवारी २०२४

संस्कृती,

मी विषय बदलत नाही. तुझ्या बाबाचा गुडघा खरोखर जास्त महत्त्वाचा होता. पण विचारलंस तर लिहिते.

पंप आम्ही ९१ साली घेतला. तुझे ज्ञानदेवकाका बाहेरचं बघायचे, मी काउंटर. ९४च्या उन्हाळ्यात एक उंच माणूस बुटांचं खोकं घेऊन आला. नाव अर्ल डुप्री, लेबलचं नाव टू ब्रिज रेकॉर्ड्स. खोक्यात कॅसेट होत्या. रेडिओवाले त्याला दारात उभं करत नव्हते. मला म्हणाला, च्युइंगगमशेजारी ठेवा. मी विचारलं, यात आहे काय? म्हणाला, आमच्या गल्लीतली माणसं बोलताहेत. मी म्हटलं, ते मला इथे फुकट ऐकू येतं. तो हसला आणि खोकं ठेवून गेला.

त्या शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. दोन नंबरच्या पंपाजवळ लावली, चारही दारं उघडली, डिकी उघडली. डिकीत नुसते स्पीकर. कॅसेट लावल्याबरोबर माझ्या काउंटरवरच्या बरण्या सरकायला लागल्या. टाकी भरायला माणसाला चार मिनिटं लागतात, आणि चार मिनिटं म्हणजे एक गाणं. टाकी भरली की माणूस आत येऊन विचारायचा, बाहेर वाजतंय ते काय? हा अर्लचा रेडिओ.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे बंद पडलेली लाँड्री. मी एकदा गेले होते. एक जण यंत्रावर ठेका बांधत होता, पाच-सहा जण भिंतीला टेकून वहीत लिहीत होते. ठेका झाला की ज्याचं लिहून झालं असेल तो उठून उभा राहायचा. कॅसेट कोणाच्याही नावाची असली तरी सगळे सगळ्यांच्यात. त्यामुळे एकाची विकत घेतली की पाचांची ओळख होऊन जायची. दहा-बारा दिवसांत कॅसेट पुरी, दीड महिन्याला नवी. पहिल्या कॅसेट न्हाव्याला आणि गाड्या धुणाऱ्यांना फुकट, कारण त्यांच्यापाशी माणूस बसून राहतो.

कव्हरवर सोनं, हिरे, पांढरी लांबलचक गाडी. यातलं काहीही त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हतं. गाडी चित्रात नंतर चिकटवलेली, तिला सावलीसुद्धा नव्हती. पण लोक कव्हर बघत नसत. आतल्या कागदाच्या शेवटच्या घडीवर छापलेलं असायचं, ‘लवकरच येत आहे’, आणि खाली पुढच्या चार कॅसेटची चित्रं. लोक गाडीत बसले की आधी ती घडी उघडायचे. मला काचेतून दिसायचं.

पुरे. हात दुखला. तुमचे चार कोण आहेत?

शैलाआत्या

*

बिबवेवाडी
३ मार्च २०२४

आत्या,

तुझं पत्र तेजसला तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणतो, तुझी आत्या आपल्या लेबलवर हवी.

आमच्याकडे पंप नाही, पण रिक्षा आहेत. बिबवेवाडी ते स्वारगेट शेअर रिक्षात माणूस वीस मिनिटं बसतो आणि त्याला उठून जाता येत नाही. बऱ्याच रिक्षांना मागे स्पीकर आहेत. मी पन्नास पेनड्राइव्ह भरले आणि स्टँडवर जाऊन वाटले. पहिल्या दिवशी एका काकांनी विचारलं, यात किशोरकुमार आहे का? नाही म्हटल्यावर परत दिला. आठवड्याने तेच काका स्वतः मागायला आले, कारण पुढच्या रिक्षात वाजत होतं.

आमचे चार म्हणजे समर्थ, इंद्रजीत, शेफाली आणि कासिम. कासिमचा मंडईत केळीचा गाळा आहे, वडिलांचा. दादामियाँ सकाळी बसतात, दुपारी हा. गिऱ्हाइकं नसली की केळीच्या खोक्यावर लिहितो. त्याच्या एका गाण्यातल्या ओळी:

भाव विचारून पुढं गेलात, चेहरे ध्यानात ठेवलेत मी
कच्चं म्हणून सोडलंत, ते घड इथंच पिकत ठेवलेत मी

तू सांगितल्यासारखं आता आम्ही त्याला सगळ्यांच्या गाण्यात घेतो. समर्थचं गाणं मध्येच ढिलं पडतं, तिथे कासिम येतो आणि रिक्षातला माणूस मोबाइलमधून मान वर काढतो. मी स्वतः बघितलंय.

आता माझा प्रश्न. दीपालीताईने तुझ्या कपाटातल्या सात कॅसेटचे आतले कागद फोटो काढून पाठवले. ९४ ते ९७ या काळातले. शेवटच्या घडीवरची नावं दर वेळी बदलतात, कारण त्या कॅसेट येऊन जातात. पण एक नाव सातही कागदांवर आहे. वेंडेल, कॅसेटचं नाव ‘मॉर्निंग शिफ्ट’, लवकरच येत आहे. मी इंटरनेटवर खूप शोधलं. ही कॅसेट कुठेच नाही. कोण होता हा? आणि ती आली का नाही?

संस्कृती

*

श्रीव्हपोर्ट
१० मार्च २०२४

संस्कृती,

रिक्षाची युक्ती आवडली. ज्याने पेनड्राइव्ह परत दिला त्याचं नाव विचारून ठेव, अशी माणसं प्रामाणिक असतात.

वेंडेल आमच्या दुकानात कामाला होता. सकाळी सहा ते दोन. बाविशीचा, शांत, चष्मा लावायचा. पावतीच्या कोऱ्या कागदाच्या मागे लिहायचा. कॅसेटवर त्याचा आवाज आला की पंपावर उभी असलेली माणसं बोलायची थांबत. तो मोठ्याने कधीच म्हणायचा नाही. शेजारी बसून सांगितल्यासारखं म्हणायचा, म्हणून लोक कान द्यायचे. पुष्कळ जण दुसऱ्याची कॅसेट त्याच्या एका कडव्यासाठी घ्यायचे, हे मला त्यांनीच सांगितलंय. आणि घेतली की शेवटची घडी बघून विचारायचे, याची कधी येणार?

ती आली नाही. अर्ल म्हणायचा, या वेळी अमक्याची काढू, पुढची त्याचीच. ९८ला लेबल बंद पडलं. असं होतं.

तुझा बाबा व्यायाम करतो का? संभाजीला म्हणावं जिना टाळू नकोस.

शैलाआत्या

*

बिबवेवाडी
२६ एप्रिल २०२४

आत्या,

तुझं मागचं पत्र छोटं होतं पण सगळ्यात कामाचं निघालं. मला वाटतं अर्लचं कोडं मला सुटलं. वेंडेलची कॅसेट आली नाही म्हणूनच बाकीच्या चालल्या. लोक वाट बघत राहिले आणि वाट बघता बघता बाकीचं ऐकत राहिले. तो फार हुशार माणूस असणार.

आम्ही तेच केलं. प्रत्येक पेनड्राइव्हच्या शेवटी दहा सेकंद तेजसचा ठेका आणि माझा आवाज, ‘कासिम. पहिला अल्बम. लवकरच.’ रिक्षांच्या मागे स्टिकर, मंडईच्या गेटाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पोस्टर. तीन आठवड्यांत आमच्या गाण्यांचे ऐकणारे दहापट झालेत. मुलं केळी घ्यायच्या निमित्ताने गाळ्यावर येऊन त्याला विचारतात, कधी येतोय? दादामियाँ वैतागलेत, म्हणतात यातला एकही जण डझन घेत नाही, दोनच केळी घेतो.

कासिमची नऊ गाणी लिहून तयार आहेत. तो अधूनमधून विचारतो, माझं कधी रेकॉर्ड करायचं? आम्ही म्हणतो, आधी शेफालीचं होऊ दे. तो हं म्हणतो. तसा समजूतदार आहे.

गंमत म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीतल्या बाईंचाही मेल आलाय, तीन आठवड्यांपूर्वी. त्यांना कासिमशी बोलायचंय, जूनमध्ये काहीतरी नव्या आवाजांचं काढताहेत. अजून त्याला बोलले नाहीये. तो सध्या समर्थच्या गाण्यात आहे, उगाच लक्ष विचलित नको. शेफालीचं आलं की सांगेन. बघू.

तुझ्याकडे अर्लच्या आणखी युक्त्या असतील तर लिही.

संस्कृती

*

श्रीव्हपोर्ट
२७ एप्रिल २०२४

संस्कृती,

हे दीपालीला न दाखवता मी स्वतः टाइप करते आहे. चुका दुरुस्त करून वाच.

मागच्या पत्रात ‘असं होतं’ लिहून मी सुटका करून घेतली. तू त्यातून भलताच धडा घेतलास, आणि त्यात माझा दोष आहे.

मार्च ९६ मध्ये ह्यूस्टनहून एक माणूस दुकानात आला. तिथल्या एका मोठ्या लेबलचा. वेंडेलला भेटायला आला होता, पण त्या दिवशी वेंडेलची सुट्टी होती. त्याने मला कार्ड दिलं आणि मागे लिहिलं, शुक्रवारपर्यंत फोन कर. मला म्हणाला, एवढं पोचवाल ना? मी हो म्हटलं.

तुझ्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. पंप मी आणि वेंडेल मिळून चालवत होतो. दीपाली पाच वर्षांची. तो गेला असता तर सकाळी सहाला कोण उघडणार होतं, हे मला ठाऊक नव्हतं. कार्ड मी गल्ल्याखालच्या खणात ठेवलं. मनाशी म्हटलं, उद्या देऊ. बुधवारी तेच म्हटलं, गुरुवारी तेच. शुक्रवारी तो माझ्यासमोर आठ तास उभा होता. संध्याकाळी मी कार्ड फाडलं.

स्वतःला मी काय सांगितलं ते तुला कळायला हवं. मी सांगितलं, अर्ल त्याची कॅसेट काढणारच आहे. छापलेलं आहे ना. म्हणजे ती शेवटची घडी लोकांसाठी होती तशी माझ्याही उपयोगी पडली.

अर्ल फार हुशार नव्हता आणि वाईटही नव्हता. प्रत्येक वेळी त्याला खरंच वाटायचं की पुढची त्याचीच. फक्त त्या वेळेला दुसऱ्या कोणाला तरी वेंडेल हवा असायचा. मलाही हवा होता.

वेंडेल याच गावात आहे. शाळेची बस चालवतो. तुझे काका गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता. दर रविवारी चर्चमधून येताना माझ्याकडे कॉफी घेतो. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला हे सांगितलेलं नाही.

तो मेल आज कासिमला दाखव. शेफालीचं झाल्यावर नाही. आज.

शैला

*

बिबवेवाडी
२० मे २०२४

आत्या,

तुझा मेल मी सकाळी वाचला. आधी तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मग मंडईत गेले.

कासिम घड कापत होता. मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुसले, मेल वाचला, पुन्हा वर सरकवून तारीख बघितली. तेवढ्यात एक बाई आल्या, त्यांना अर्धा डझन वेलची केळी निवडून दिली, मग माझ्याकडे वळला.

“पाच एप्रिल,” तो म्हणाला. “तेवीस दिवस.”

मी म्हटलं, चुकलं माझं. मी सांगणारच होते.

“तू विचारलं असतंस तर मी बहुतेक नाहीच म्हणालो असतो,” तो म्हणाला. “आपलं इथलं सोडून कशाला, असं म्हणालो असतो. आता ते मलाच कधी कळणार नाही.”

त्याने तिथूनच त्या बाईंना फोन लावला. त्या नीट बोलल्या, पण जूनच्या संग्रहातली जागा आदल्याच आठवड्यात भरली होती. त्यांनी तयार गाणी असतील तर पाठवायला सांगितलं. त्याच्याकडे तयार गाणं एकही नव्हतं. दुसऱ्यांच्या गाण्यातली सतरा कडवी होती.

संध्याकाळी मी तेजसला म्हटलं, सगळं थांबव, कासिमची नऊ गाणी आधी. तेजस चिडला. म्हणाला, सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे, त्याचं आलं की पुढच्या पेनड्राइव्हच्या शेवटी काय सांगणार? मी म्हटलं, काही नाही सांगणार. आमचं खूप भांडण झालं. शेवटी समर्थ मध्ये पडला. तो म्हणाला, त्याच्याशिवाय माझं गाणं ऐकण्यासारखं नसेल तर मला ते कळलेलं बरं. मला समर्थकडून ही अपेक्षा नव्हती.

अकरा दिवस लागले. कासिम दुपारचा गाळा दादामियाँवर सोडून यायचा, काम करायचा, जायचा. पूर्वी गाद्यांवर लोळत चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, ते नाही. पंधरा मेला अल्बम आला. रिक्षास्टँडवरच्या त्या किशोरकुमारवाल्या काकांनी तो सलग चार दिवस लावलाय. मुंबईच्या बाईंना पाठवलाय, उत्तर आलेलं नाही. तेजसचं म्हणणंही खरं ठरेल असं दिसतंय, इंद्रजीतच्या नव्या गाण्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

कासिम आता खोलीवर येत नाही. इतरांसाठी काही हवं असलं तर घरीच बोलून फोनवर पाठवतो. पाठवतो, हेही खूप आहे.

सोबत नऊही गाणी जोडतेय. तू वेंडेलला सांगणार आहेस का? हे विचारायचा हक्क मला कितपत आहे माहीत नाही, पण राहवत नाही.

संस्कृती

*

श्रीव्हपोर्ट
२४ जून २०२४

संस्कृती,

तुला हक्क आहे. उत्तराला उशीर झाला कारण लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबले होते.

तो माझ्याकडे येतो तेव्हा सांगणं मला पटेना. आपल्या घरी बोलावून, कॉफी पुढे ठेवून असलं काही सांगू नये. म्हणून सहा तारखेला मीच त्याच्या घरी गेले. तो व्हरांड्यात बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काकांच्या ऑपरेशनसकट. मग वाटलं ऑपरेशनचं सांगायला नको होतं. ते सांगितलं म्हणजे आपण सवलत मागतो.

त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर विचारलं, कोणतं साल? मी म्हटलं, ९६, मार्च.

“मी गेलो असतो,” तो म्हणाला.

एवढंच. तुझा कासिम म्हणतो त्याला कधी कळणार नाही. वेंडेलला लगेच कळलं. यातलं कोणतं बरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला, दार उघडून धरलं, आणि म्हणाला, मिस शैला, या रविवारी मी येणार नाही. मी बरं म्हटलं. नऊ तारखेला आला नाही, सोळालाही नाही. दीपालीने विचारलं तेव्हा मी तिलाही सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. वेंडेलने तिला सायकल शिकवली होती.

काल तेवीस तारीख. सव्वाबाराला त्याची गाडी आली. मी काही विचारलं नाही, कॉफी केली. आम्ही हवेबद्दल बोललो. मग मी म्हटलं, पुण्यात माझ्या भाचीने एका मुलाचा अल्बम काढलाय, ऐकायचा का? त्याने खांदे उडवले. मी दीपालीच्या स्पीकरवर लावला.

संस्कृती, मी चार वर्षं ही गाणी विकली, पण त्यातला एकही माणूस माझ्या भाषेत बोलताना कधी ऐकला नव्हता. केळी, गाळा, तराजू, स्वारगेटचा सिग्नल. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मला मंडईतल्या पायऱ्या दिसत होत्या. वेंडेल डोळे मिटून बसला होता. गाणं संपलं की विचारायचा, काय म्हणतोय? मी जमेल तसं इंग्रजीत सांगायचे. एकदा म्हणाला, नाही, नुसता अर्थ नको, शब्द कोणत्या क्रमाने येतात ते सांगा. मग आम्ही ओळ ओळ थांबवून ऐकलं. नऊ गाण्यांना तीन तास लागले. कॉफी दोनदा करावी लागली.

त्याने मला माफ केलं का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. निघताना दारात बूट घालताना मात्र एक निरोप दिला, आणि तो तू आजच्या आज पोचव.

तो म्हणाला, “त्या मुलाला सांगा, चौथ्या गाण्यात तो श्वास चुकीच्या जागी घेतोय. एक ओळ आधी घे म्हणावं.”

शैलाआत्या